माइकवरून न वाचलं जाणारं वाक्य

संपादक महोदय,

यात्रांचा हंगाम आला की बैलगाडा शर्यतींच्या घाटाघाटावर (घाट म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी) निवेदक सांगतो, ‘सुप्रीम कोर्टानं परवानगी दिलीय!’ मी निवृत्त पशुवैद्यक. शर्यतीआधी बैल तपासून तंदुरुस्तीचे दाखले मी स्वतः दिलेत, म्हणून हे अर्धवट बोलणं खटकतं.

२०११मध्ये केंद्रानं वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांच्या रांगेत बैल बसवला. शिकवून खेळ करायला लावता येणार नाही, अशा प्राण्यांची ती यादी. सर्कसवाले तिच्याविरुद्ध आधीच भांडले होते. व्यवसायाचा मूलभूत हक्क गेला, हा त्यांचा मुद्दा. २००१मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. २०१४मध्ये शर्यतवालेही हरले. बैल घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही, भीतीनं आणि वेदनेनं पळतो, हे त्या निकालाचं सार. पिरगाळून सुजलेल्या शेपट्या मी हातात धरल्यात, मला ते कसं नाकारता येईल? (गाडा सुटला की ‘भिर्रर्र’ माझ्याही तोंडून निघतं, तेही खरं.)

पुढं २०१७मध्ये राज्यानं शर्यतींसाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा दुरुस्त केला, राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. कशाच्या जोरावर? नियमांमुळे जनावराच्या यातना बऱ्याच कमी होतात, या जोरावर. काठी नाही, चाबूक नाही, बॅटरीचा शॉक नाही, धाव हजार मीटरच्या आत, आधी तपासणी. नियमांचं काटेकोर पालन होतंय की नाही याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर आणि सक्षम अधिकाऱ्यांवर राहील, असंही त्याच निकालात बजावलंय. ते कुठल्या घाटावर ऐकलंत?

निवृत्तीआधीच्या हंगामात मी एक बैल बाद केला. मागच्या उजव्या पायानं लंगडत होता. आयोजकांपैकी एकजण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘डॉक्टर, एवढी बारी होऊ द्या, मालक लांबून आलाय.’ मी सही केली नाही. तासाभरानं तीच जोडी भंडारा उधळत माझ्यासमोरून गेली. दाखला कुणी विचारलाच नाही.

परवानगीचा कागद, तपासलेल्या आणि बाद केलेल्या बैलांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयानं शर्यतीच्या सकाळीच घाटावर लावावी. खर्च एका फळ्याचा. त्या दिवशीचा माझा अहवाल अजून कुणी मागितलेला नाही. कार्बन प्रत माझ्याकडे आहे.

— एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी