फ्लेक्स म्हणजे उरलेल्याची जागा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत अमेरिकन फँटसी फुटबॉलवर (खऱ्या प्लेअरची आपली टीम बनवायची आणि मॅचमधल्या त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायचे) छोटा लेख आला होता, मराठी पेपरात हा विषय आला याचंच आधी बरं वाटलं. पण त्यात टीममधल्या फ्लेक्स नावाच्या जागेबद्दल एकच ओळ होती, की बाकी टीम लावून झाली की उरलेला कुठलाही प्लेअर तिथे टाका. हे काय पटलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या कॉलेज रोडच्या जुन्या ग्रुपची लीग आहे, निम्मी पोरं नाशकात आणि निम्मी तिकडे अमेरिकेत, पैसे बिलकुल नाहीत, हरणाऱ्याने पुढच्या भेटीत मिसळ द्यायची एवढंच. (ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर, फुकटच्या लीगवर नाही, हे पण तुमच्या लेखात यायला हवं होतं.)

आपल्याकडे ड्रीम इलेव्हनची सवय असल्यामुळे नवीन माणसाला वाटतं फ्लेक्स म्हणजे ऑलराउंडर. तसं नाहीये. ऑलराउंडर हा प्लेअरचा प्रकार झाला, फ्लेक्स ही नुसती मोकळी जागा आहे, तिथे रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) यातला कोणीही चालतो. नेहमीच्या लाइनअपमध्ये एक क्वार्टरबॅक (पास फेकणारा), दोन रनिंग बॅक, दोन रिसीव्हर, एक टाइट एंड, किकर, डिफेन्स आणि हा एक फ्लेक्स. लीगमध्ये सुपरफ्लेक्स नावाची जागा असेल तर तिथे क्वार्टरबॅक पण चालतो, आणि मग डोकं चालवायचं फारसं काम नाही, दुसरा बरा क्वार्टरबॅक असेल तर तोच टाकायचा, कारण पॉइंट तेच जास्त आणतात.

मग फ्लेक्सला कोण, तर आधी लीगची सेटिंग उघडून कॅचला पॉइंट आहे का ते बघा. समजा रिसीव्हरने ७ कॅचमध्ये ६० यार्ड काढले, आणि रनिंग बॅकने पळून ६५ आणि एका कॅचवर ५ असे ७० काढले. दहा यार्डला एक पॉइंट धरला तर रिसीव्हर ६ आणि रनिंग बॅक ७. पण पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) लीगमध्ये प्रत्येक कॅचला वेगळा १ पॉइंट, तिथे तोच रिसीव्हर १३ वर जातो आणि रनिंग बॅक ८ वरच राहतो. म्हणजे प्लेअर तेच, खेळ तोच, आणि उत्तर उलटं. टाइट एंड मात्र फ्लेक्सला शक्यतो नकोच, वरचे मोजके सोडले तर बाकीच्यांचं सगळं टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) मिळेल का या नशिबावर असतं.

आता खरा मुद्दा, जो लेखात नव्हताच. मॅच सुरू झाली की प्लेअर त्या जागेवर लॉक होतो. तिकडची गुरुवार रात्रीची मॅच आपल्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहाच्या आसपास असते, आणि नवीन पोरं हमखास त्या मॅचचा रिसीव्हर फ्लेक्सला लावून मोकळी होतात. मग रविवारी रिसीव्हरच्या जागेवरचा माणूस दुखापतीमुळे बाहेर गेला की त्याच्या जागी रिसीव्हरच लागतो, बेंचवर चांगला रनिंग बॅक असला तरी काय उपयोग, फ्लेक्स तर शुक्रवारीच बंद झाला. म्हणून गुरुवारवाला त्याच्या स्वतःच्या जागेवर आणि सगळ्यात उशिरा खेळणारा किंवा दुखापतीची शंका असलेला फ्लेक्सला, तो बाहेर गेला तर तिघांपैकी कुठल्याही प्रकारचा बदली चालतो, फक्त त्या बदलीची मॅच सुरू झालेली नको. पॉइंट एकाचाही बदलत नाही, नुसती जागा बदलायची, तरी लोक आळस करतात.

न खेळणाऱ्यांची यादी मॅचच्या दीड तास आधी येते. रविवारच्या नेहमीच्या पहिल्या मॅचेस आपल्या रात्री साडेदहाच्या, म्हणजे रात्री नऊला जेवता जेवता मोबाइल बघून होतं. सोमवार रात्रीची मॅच इथे मंगळवारी पहाटे असते, तिची यादी बघायला सव्वाचारला उठावं लागतं आणि ते आमच्यातला एकच जण करतो, तो अंबडला फर्स्ट शिफ्टला असतो म्हणून. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हा या सगळ्या मॅचेस आपल्याकडे एक तास उशिरा होतात.

तर विनंती एवढीच, क्रीडा पानावर सीझनमध्ये दर गुरुवारी या मॅचेसच्या भारतीय वेळा चौकटीत द्या, चार ओळींची जागा लागेल. आणि ती फ्लेक्सची ओळ जमलं तर दुरुस्त करा, आमच्या लीगमधल्या एकाने ती वाचून तसंच केलंय आणि आता वाद घालतोय की पेपरात छापून आलंय.

आपला,
एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक