हिवाळ्याचे रस्ते शिकवणाऱ्या काकांना आभाराचे पत्र

तीर्थस्वरूप काका आणि काकू यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही लगेच मुलांच्या शाळेची चौकशी सुरू करता, हे आता आम्हा दोघांनाही ठाऊक झाले आहे. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. म्युनिकच्या आसपास दर वर्षी नवी मराठी कुटुंबे येतात आणि त्यांतली बरीचशी पहिला हिवाळा खिडकीशी बसून काढतात. तुमच्यासारखे वडीलधारे माणूस प्रत्येकाला भेटेलच असे नाही. तुम्ही आम्हाला जे शिकवलेत ते निदान त्यांच्या कानावर तरी जावे, असे मनापासून वाटते.

आम्ही इथे आलो तेव्हा फिरायचे ते उन्हाळ्यात, हेच गणित डोक्यात होते. डिसेंबरच्या अखेरीस म्युनिकला सूर्य साडेचारच्या आतच मावळतो आणि दिवस जेमतेम साडेआठ तासांचा भरतो. शाळेला नाताळची दोन आठवड्यांची सुट्टी नेमकी त्याच वेळी लागते. भारताची विमान तिकिटे त्या पंधरवड्यात सर्वांत महाग असतात, आणि बव्हेरियात शाळेला हजर राहणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे स्वस्त तिकिटासाठी मुलांना चार दिवस आधी काढून नेता येत नाही. म्हणजे सुट्टी आहे, मुले घरी आहेत, आणि बाहेर काळोख. तुम्ही दोघे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा धाकट्याला ‘बर्फात कुठे कुठे जाऊन आलास?’ असे विचारलेत आणि त्याने बाल्कनीकडे बोट दाखवले. पुढच्याच शनिवारी तुम्ही आल्प्सचा कागदी नकाशा घेऊन दारात उभे होतात.

त्या नकाशावर रेघ मारण्याआधी तुम्ही एक अट घातलीत, आणि तिच्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो; पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. यांनी त्या द्याव्यात आणि मी शेजारी बसून रस्ता सांगावा, असे आमच्या घरात जवळजवळ ठरलेच होते. हिवाळ्यातल्या लांबच्या प्रवासात एकच चालक असणे धोक्याचे आहे, असे तुम्ही शांतपणे सांगितलेत आणि दोघांच्याही नावनोंदणीचे कागद टेबलावर ठेवलेत. मग कित्येक संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून लेखी परीक्षेचे प्रश्न सोडवून घेतलेत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम तर तुम्ही चौकाचौकात उभे करून समजावलात. आज घाटातला अर्धा रस्ता मी चालवते. आमच्यासारख्या कितीतरी घरांत सगळा प्रवास एका माणसाच्या डोळ्यांवर आणि खांद्यांवर चाललेला मी पाहते, आणि तुमची ती अट किती दूरदृष्टीची होती हे मला दर वेळी नव्याने जाणवते.

टायरचा विषय तुम्ही जितक्या बारकाईने शिकवलात तितका कोणीच शिकवला नसता. जर्मनीत त्यासाठी ठरावीक तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेले पाणी असेल तर हिवाळी टायर हवेतच, असा नियम आहे, आणि लोक ऑक्टोबर ते ईस्टर ही खूणगाठ बांधून ठेवतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात तशी परिस्थिती असेल तर ते सक्तीचे असतात. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असले पाहिजे, नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरे १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत पुरेशी नाहीत, हे आम्ही तुमच्याकडूनच ऐकले. जर्मन कायद्याला खाचांची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायर म्हणून किमान ४ मिलिमीटर लागते. तुम्ही खिशातून दोन युरोचे नाणे काढून ते खाचेत उभे घातलेत: बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली तर टायर घाटात न्यावा, नाही तर नेऊ नये. आता प्रत्येक प्रवासाआधी हे काम मोठी मुलगी करते आणि चारही चाकांचा अहवाल आम्हाला देते.

चाकांवर साखळ्या चढवण्याचा सराव तुम्ही ऑक्टोबरातल्या कोरड्या उन्हात, आमच्या इमारतीच्या अंगणात करून घेतलात. रबरी हातमोजे, गुडघ्यांखाली घ्यायला जुनी चटई आणि कपाळाला लावायचा दिवा या तीन वस्तू साखळ्यांच्याच पिशवीत ठेवायच्या, वेगळ्या नाहीत, हा तुमचा आग्रह. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांवरच साखळ्या चढवायच्या आणि मग ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचे नाही, हे पुस्तकातही सापडते. पण साखळ्या गोठल्या बोटांनी, अंधारात, मागे गाड्या खोळंबलेल्या असताना चढवाव्या लागतात, हे पुस्तक सांगत नाही, आणि तुम्ही मात्र डोळे मिटून चढवायला लावल्या होत्यात.

त्यानंतर तुम्ही आम्हा दोघांना पाणी सोडलेल्या निसरड्या पट्टीवर गाडी चालवण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलेत. ब्रेक पूर्ण दाबल्यावर पायाखाली होणारी ती थरथर, म्हणजे चाके अडकू नयेत म्हणून यंत्रणेने चालवलेले काम, मी तिथे पहिल्यांदा अनुभवली. ती जाणवल्यावर पाय मागे घ्यायचा नसतो. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते आणि बर्फावर ते आणखी कितीतरी वाढते, हे शाळेत शिकले होते. पण अंगात भिनले ते त्या पट्टीवर. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते, आणि बाहेरचे तापमान तीन-चार अंशांवर आले की रस्ता कोरडा दिसत असला तरी पुलावर शिरण्याआधीच वेग उतरवायचा, ही तुमची शिकवण आता आम्हा दोघांच्या पायांना आपोआप आठवते.

काकू, तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. नातवंडांचे बर्फातले कपडे तुम्ही जपून ठेवले होतेत, ते सगळे आमच्या मुलांना दिलेत. अंगालगत लोकर, त्यावर ऊब देणारा थर, आणि बाहेर वारा-पाणी अडवणारा थर, असे तीन पदर तुम्ही आमच्या सोफ्यावर मांडून दाखवलेत. शिवाय गाडीत बसवताना जाड जॅकेट आधी काढायचे, हेही तुम्हीच सांगितलेत, कारण त्याच्या फुगीरपणामुळे पट्टा शरीराला घट्ट बसत नाही आणि धडक बसली तर मूल पुढे फेकले जाते. इतकी साधी आणि इतकी मोलाची गोष्ट तोवर आम्हाला कोणीही सांगितली नव्हती.

पहिली सहल तुम्ही मुद्दाम जवळची निवडलीत. तेगर्नझे सरोवराजवळच्या वालबर्गवर केबल कारने जायचे आणि साडेसहा किलोमीटरच्या बर्फाच्या वाटेवरून घसरगाडीने खाली यायचे. पायांनी गाडी कशी वळवायची ते तुम्ही सत्तरीच्या वयात स्वतः करून दाखवलेत. त्या दिवसापासून आमच्या मुलांना हिवाळा घराबाहेर घालवायचा ऋतू वाटू लागला. पुढे साल्झबुर्गला गेलो, जवळच्या ओबर्नडॉर्फ गावातले ते छोटे चॅपेलही पाहिले, ज्याच्या जागी पूर्वी उभ्या असलेल्या चर्चमध्ये १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ‘श्टिले नाख्त’ (इंग्रजीतले ‘सायलेंट नाइट’) हे गीत पहिल्यांदा गायले गेले. नाताळचे बाजारही झाले. त्यांच्याविषयी सगळेच लिहितात. तुम्ही दिलेली उपयोगाची माहिती अशी की त्यांतले बहुतेक २४ डिसेंबरपर्यंत आवरतात, म्हणून सुट्टी लागल्यावर त्यांची आशा धरू नये. २४ ला दुपारनंतर दुकाने बंद, २५ आणि २६ ला बंद, लागून रविवार आला तर तोही बंद, आणि बव्हेरियात ६ जानेवारीलाही बंद. २३ तारखेला भरून ठेवलेल्या तुमच्या सामानाच्या यादीत दूध आणि डाळीच्या आधी काच पुसायच्या न गोठणाऱ्या पाण्याचा कॅन असायचा.

रोझेनहाइमवरून कुफस्टाइन, इन्सब्रुक आणि ब्रेनर हा ऑस्ट्रियातून इटलीकडे जाणारा रस्ता तुम्ही आम्हाला तळहातासारखा दाखवलात. सीमेपासून कुफस्टाइन-झ्यूडपर्यंत व्हिनेट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा मुदतीचा पास, लागत नाही, त्यापुढे लागते, आणि ब्रेनरच्या महामार्गाचा टोल त्याहून वेगळा. शनिवारी डोंगरातल्या घरांचे पाहुणे बदलतात, म्हणून शनिवारी निघायचेच नाही; रविवारी पहाटे निघायचे. ब्रेनरच्या वाटेवरच्या ल्यूग पुलावर २०२५ च्या सुरुवातीपासून बऱ्याच दिवशी एकाच लेनमधून वाहतूक चालते, तेव्हापासून हा सल्ला दुप्पट मोलाचा झाला आहे. खोळंबा झाला की नकाशाचे ॲप गावातून जाणारी पळवाट सुचवते, पण तिरोलमध्ये गर्दीच्या शनिवार-रविवारी त्या वाटा बाहेरच्या गाड्यांना बंद असतात, आणि गावकऱ्यांच्या दारातून धूर ओढत जाणे मुळातच बरोबर नाही, असे तुम्ही म्हणालात. ते मला फार पटले.

तशाच एका खोळंब्यात आम्ही संध्याकाळी अडकलो होतो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा तुमचा नियम पाळलेला होता, मागे दोन रजया होत्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता. गाड्यांचा वेग मंदावताच डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकल्या, मधे वाट मोकळी झाली आणि काही वेळाने त्या वाटेने रुग्णवाहिका न थांबता पुढे गेली. कोणी उतरून सांगितले नाही, कोणी हॉर्न वाजवला नाही. मुलांनी विचारले, तेव्हा तुम्ही मीठदाणी आणि काड्यांच्या पेट्या मांडून शिकवलेला तो नियम त्यांचा त्यांनाच आठवला.

पण सर्वांत मोठे उपकार इटलीतल्या दक्षिण तिरोलमधल्या त्या दुपारचे आहेत. ओर्टिझेईहून सेला घाट चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचे, तिथले घर ठरलेले, पैसे भरलेले. दुपारी दोनच्या सुमारास बर्फ पडू लागला आणि चढणीच्या तोंडाशी साखळ्यांची निळी पाटी दिसली. आम्ही तुम्हाला फोन केला. जा किंवा जाऊ नका, यांतले काहीच तुम्ही म्हणाला नाहीत. बाहेर तापमान किती आहे, उजेडाचे किती तास उरले आहेत आणि पुढे गाडी सुरक्षित उभी करता येईल अशी जागा कुठे आहे, एवढे तीन प्रश्न विचारलेत आणि आमच्या उत्तरांची वाट पाहिलीत. तिसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही गावातच खोली घेतली. भरलेले पैसे गेले, आणि त्याचे दुःख करू नका, असे तुम्ही रात्री पुन्हा फोन करून सांगितलेत. दुसऱ्या दिवशी घाटाऐवजी बोल्झानोला उतरलो आणि १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा ओट्झी हा गोठलेला माणूस पाहिला. त्याच्या गवत भरलेल्या बुटांपुढून धाकटा हलायलाच तयार नव्हता. काकूंनी शिकवलेले थर त्याने त्या माणसाच्या कपड्यांत मोजून काढले.

निर्णय आमच्याकडेच ठेवून तुम्ही आम्हाला निर्णय घेण्याजोगे केलेत, याबद्दल मी तुमची सर्वाधिक कृतज्ञ आहे. तुम्ही गाडी चालवायला बरोबर आला असतात तर आम्ही आनंदाने मागच्या सीटवर बसलो असतो, आणि आजही तुमच्यावाचून कुठे गेलो नसतो. आता मोठी मुलगी डोंगरात निघण्याआधी हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचा अंदाज स्वतः वाचते, पाचपैकी तीनचा आकडा दिसला की तो मधला म्हणून सौम्य नसतो हे आम्हाला बजावते, आणि तो तसा असेल त्या दिवशी आम्ही खोऱ्यातल्या वाटांवरच फिरतो.

डॉक्टरांनी तुम्हाला हिवाळ्यात लांबवर गाडी चालवायला मनाई केल्याचे काकूंकडून कळले. म्हणून यंदाच्या फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सुट्टीचा आराखडा आम्ही तुम्हाला धरूनच आखला आहे. आम्ही चौघे रविवारी पहाटे ब्रेगेंझमार्गे निघून सान बर्नार्डिनोच्या बोगद्याने लुगानोला उतरू. ४० फ्रँकचे स्विस व्हिनेट घेऊन झाले आहे, ते वर्षभर उपयोगी पडेल. तुम्ही दोघांनी रेल्वेने झुरिकला यावे आणि तिथून २०१६ मध्ये सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून लुगानोला पोहोचावे. फलाटावर आम्ही असू. घर घेतले आहे त्यात तळमजल्यावरची खोली तुमची आहे, पायऱ्या नाहीत, आणि पैसे आम्ही भरले आहेत. त्यावर चर्चा नको. रस्त्याचा आराखडा पाकिटात ठेवला आहे, तो लाल पेनाने तपासून द्यावा. नकार द्यायचा असेल तर मात्र तो फोनवर चालणार नाही, त्यासाठी येत्या शनिवारी दोघांनी आमच्याकडे जेवायलाच यावे लागेल.

तुमच्या आशीर्वादाची इच्छुक,
तुमच्या नकाशावर फिरणारे एक कुटुंब