मंत्रीसाहेब, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून डाव्या हाताने टाइप करतोय

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार. (सप्रेम सवयीने लिहिलंय.)

गेल्या मंगळवारी रात्री घोडबंदर रोडवरून आत वळताना माझी स्कूटर गटाराच्या कामासाठी खणलेल्या चरात गेली, बॅरिकेड नाही, दिवा नाही, वरपर्यंत पाणी भरलेलं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, पगार कापला तो वेगळा, आणि बायको रोज सकाळी शर्टाची बटणं लावून देताना जे ऐकवते ते इथे लिहीत नाही.

हाच रस्ता तिसऱ्यांदा खणलाय साहेब. भूमिपूजनाला नारळ फोडून तुम्हीच बोललात, गणपतीच्या आत काम पूर्ण. कुठल्या वर्षीचे गणपती ते विचारायचं राहिलं.

कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला टपरीवर गाठलं, भांडायलाच गेलेलो. तो म्हणतो, काका, ड्रॉइंगमध्ये इथे पाण्याची लाइन नव्हतीच, खणल्यावर निघाली, आता डिझाइन बदलणार, रेट बदलणार, मंजुरी येईपर्यंत काम बंद. टेंडरच्या आधी विचारलं असतं तर दोन ट्रायल पिट (खाली काय आहे ते बघायचे छोटे खड्डे) मारून सांगितलं असतं. म्हणजे ज्याला खणायचंय त्यालाच शेवटी बोलवायचं, सगळं ठरल्यावर, आणि तेही सगळ्यात कमी आकडा टाकला म्हणून!

लंडनला हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल 5 बांधताना कॉन्ट्रॅक्टरना डिझाइन चालू असतानाच टेबलावर बसवलं होतं, जोखीम मालकाने स्वतःकडे घेतली, आणि 2008 ला ते वेळेत उघडलं (पहिल्या दिवशी बॅगांचा गोंधळ झाला ते खरं, पण बांधकाम पूर्ण होतं). तुमचे अधिकारी म्हणतील आधी बोलावलं की सेटिंग होते. मग आत्ता काय भजन चालतं? सल्ल्याचे पैसे वेगळे द्या, हिशेब उघडा ठेवा, रेट नाही पटला तर डिझाइन आपलं, काम दुसऱ्याला द्या. दिल्लीच्या अर्थ खात्याने ऑक्टोबर 2021 लाच लिहून दिलंय की ठरावीक कामांत नुसता कमी रेट बघू नका, दर्जालाही 30 टक्क्यांपर्यंत वजन द्या. ते पत्रक घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलंय वाटतं.

आणि आमचाच रस्ता कशाला, नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रो बघा, 11 किलोमीटर, काम 2011 ला सुरू, गाडी धावली नोव्हेंबर 2023 ला. किलोमीटरला वर्ष! आम्ही मालमत्ता कर थकवला की महिन्याला दोन टक्के शास्ती. तुमच्या उशिराची शास्ती कोण भरतं, तर माझं मनगट.

चर अजून उघडाच आहे. काल रात्री घरातली मोडकी खुर्ची तिथे उभी करून आलो, वर लाल टॉवेल बांधून. खुर्ची परत नको, टॉवेल तेवढा पाठवा, बायकोच्या माहेरचा आहे.

आपला,
एक ठाणेकर