नुसता टीडीएस सांगू नका, पाण्यात काय आहे ते सांगा

मा. महापौर, इंदूर नगर निगम यांस,

सादर नमस्कार.

स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहरात आरओ विकणारे विजेवर चालणारे दोन सळ्यांचे यंत्र ग्लासात बुडवून दाखवतात. बोरिंगचे पाणी बघता बघता तपकिरी होते, आरओचे तसेच राहते. घरचे घाबरतात आणि मशीन लागते. तो गाळ पाण्यातला नसतोच. लोखंडी सळई विरघळून झालेला तो गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून वीज जेमतेम वाहते, एवढीच करामत.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. त्याचा मीटरही पाण्यातून किती वीज वाहते तेच मोजतो. 400 हा आकडा कॅल्शियमचा की नायट्रेटचा, हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकानुसार टीडीएस 500 पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो. नायट्रेटला मात्र 45 मि.ग्रॅ. प्रति लिटरच्या पुढे सवलत नाही.

माळव्याच्या काळ्या खडकातले पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेले. डाळ शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. पण लिटरमागे 75 मि.ग्रॅ. कॅल्शियम असलेले दोन लिटर पाणी प्यायले, तर दिवसाच्या 1000 पैकी 150 मि.ग्रॅ. कॅल्शियम फुकट मिळते. आरओ तेच काढून टाकतो, वर बरेचसे पाणी मोरीत सोडतो. मुतखड्याचे खापरही उगाच जड पाण्यावर फुटते. कमी पाणी पिणे हे त्याहून मोठे कारण.

खरी भीती नायट्रेटची. सेप्टिक टँकजवळच्या बोरिंगमध्ये ते उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. त्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधाने तान्ह्या बाळाचे रक्त पुरेसा ऑक्सिजन वाहू शकत नाही, ओठ निळे पडतात. पाणी उकळले तर उलट वाढते: पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते. तिथे आरओ हवाच, नाहीतर नर्मदेच्या पाण्याची नळलाइन.

म्हणून निगमच्या प्रत्येक बोरिंगवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फ्लोराइड यांचे वेगवेगळे आकडे तारखेसह रंगवावेत. तपासणी वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये. नमुना घेण्याआधी पंप पाच मिनिटे चालवावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. बाटली प्लास्टिकचीच हवी, काचेला फ्लोराइड चिकटते. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. उन्हात राहिला तर जिवाणू नायट्रेट खातात आणि वाईट बोरिंग कागदावर चांगली ठरते.

आपले,
पाणी तपासणीच्या कामातले काही इंदूरकर