डॉ. रेमंड जोन्स यांस : सुबाभळीच्या पाल्याबद्दल एक जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉ. रेमंड जोन्स यांस,

सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत असल्यामुळे आपल्या वाचनात ते बहुधा येणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही ते उघडपणे लिहीत आहे, कारण ऑस्ट्रेलियात सुबाभळीच्या पाल्यावर आपण केलेल्या संशोधनाचे ऋण ज्यांच्यावर आहे, त्या आमच्याकडच्या शेळीपालकांपैकी फारच थोड्यांनी आपले नाव ऐकले असेल.

पंधरा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात माझ्याकडचा कडबा संपला आणि सात उस्मानाबादी शेळ्या मी जवळजवळ महिनाभर निव्वळ बांधावरच्या सुबाभळीवर काढल्या. शेळ्या पाला आवडीने खात होत्या, त्यामुळे मी निश्चिंत होतो. एके सकाळी एकीच्या पाठीवरून हात फिरवला, तर काळ्या केसांचा पुंजकाच तळहाताला चिकटून आला आणि खालची कातडी उघडी पडली. खरूज समजून मी आठवडाभर भलतीच औषधे चोळत बसलो. अखेर पशुवैद्यकांनी एकच प्रश्न विचारला, ‘पाल्याबरोबर दुसरे काय घालता?’ घालत काहीच नव्हतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशावर जाऊ द्यायची नाही, बाकी सुका चारा द्यायचा, असे त्यांनी बजावले. केस पुन्हा आले. आपले नाव मी प्रथम ऐकले ते त्यांच्याच तोंडून.

मूळच्या मेक्सिकोकडच्या या द्विदल झाडाचा आमच्याकडे प्रसार झाला, त्यात उरळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या बायफ या ग्रामविकास संस्थेचा मोठा वाटा होता. पाला प्रथिनांनी समृद्ध आणि उन्हाळ्यातही हिरवा, म्हणून लोकांनी तो उचलून धरला. त्यातल्या मिमोसिन या द्रव्याने केस गळतात आणि चावताना व कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, त्याच मिमोसिनचे डीएचपी नावाचे दुसरे द्रव्य तयार होते, जे थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडवते, हे मात्र बांधावर झाड लावणाऱ्याला कोण सांगणार? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातही हेच झाड उत्तम कुरण म्हणून लावले गेले आणि तिथल्या गुरांची लाळ गळू लागली, वजनवाढ खुंटली.

अशा वेळी झाडाला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. माझ्या शेजाऱ्यांनी तोच सल्ला दिला होता आणि खरे सांगायचे तर कुऱ्हाड मी हातात घेतलीही होती. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल येथे काम करताना आपण मात्र वेगळाच प्रश्न विचारलात : हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला पोटभर खाऊनही ठणठणीत कशा राहतात? दोन्हीकडच्या शेळ्यांना सुबाभूळ चारून आपण तुलना केलीत आणि फरक शेळीच्या जातीत किंवा झाडात नसून तिच्या कोठीपोटातल्या जंतूंमध्ये आहे, हे दाखवून दिलेत. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले काही जंतू डीएचपीचा निकाल लावत होते. ते जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत यशस्वीपणे रुजवल्याचे आपण आणि आपले सहकारी मेगॅरिटी यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेत. कळपातल्या थोड्या जनावरांना या जंतूंचा द्रव पाजला की सोबत चरणाऱ्या बाकीच्यांमध्येही जंतू पसरतात, ही तर मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. हवा लागली तर न टिकणाऱ्या त्या जंतूला १९९२ मध्ये ‘सिनर्जिस्टेस जोन्सी’ असे नाव मिळाले. माणसाच्या नावाने रस्ते आणि चौक आम्ही पुष्कळ पाहिले, शेळीच्या पोटात नाव कोरलेला शास्त्रज्ञ मला दुसरा ठाऊक नाही.

आपले आणखी एक काम आमच्या गायरानांना लागू पडते, ते म्हणजे सहसंशोधक सँडलंड यांच्यासह १९७४ मध्ये मांडलेला हिशेब. कुरणावर जनावरे वाढवत गेले की दर जनावरामागची वजनवाढ सरळ रेषेत घटत जाते, तर हेक्टरी वजनवाढ आधी चढते आणि मग कोसळते. आमच्या ग्रामसभेत हा मुद्दा मी एकदा मांडला होता. तो कोणालाच रुचला नाही, कारण जनावरे कमी कोणी करायची, हे तो हिशेब सांगत नाही.

माझ्या शेळ्यांच्या पोटात आपल्या नावाचा जंतू आहे की नाही, हे तपासण्याची सोय माझ्याकडे नाही, म्हणून एक तृतीयांशाचा नियम मी आजही मोडत नाही. सध्या गोठ्यात अकरा शेळ्या आहेत. सकाळी आधी कडब्याची कुट्टी आणि ती संपल्यावर दावणीच्या वर दोरीला टांगलेल्या सुबाभळीच्या फांद्या, असा क्रम ठरलेला आहे. बांधावरची झाडे जागच्या जागी आहेत.

आपला कृतज्ञ,
एक शेळीपालक, सातारा जिल्हा