कॅम्पिंग ट्रेलर भरायच्या आधी वाचा (येलोस्टोन ट्रिपचा ग्रुप)

मंडळी, सामानाचं आत्ताच ठरवून टाकू, नंतर पार्किंगमध्ये पिशव्या काढत बसायला नको. ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या त्या फिरत्या घराच्या) दाराजवळ पिवळा स्टिकर असतो बघा, किती पाऊंड सामान चालेल ते त्यावर असतं, आणि टाकीतलं पाणी पण त्यातच धरायचंय, ४० गॅलन भरलं की ३३० पाऊंड तिथेच गेले, म्हणून टाकी शक्यतो कॅम्पग्राउंड जवळ आल्यावरच भरा. तांदूळ, पीठ, टूलबॉक्स असलं जड सगळं खाली, एक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) थोडं पुढे. मागे कोंबलंत तर हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो, मग कितीही चांगला ड्रायव्हर असो.

कुकर मात्र प्रत्येकाने घ्याच!! येलोस्टोनच्या तळ्याजवळ उंची ७,७०० फुटांच्या वर आहे, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मिक्सर सगळ्यांत मिळून एकच बास, कोण आणतंय ते खाली टाका. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी हलकी पण आणि टिकतात पण. जुलै असला तरी स्वेटर, कानटोप्या हव्यात, रात्री गारठा असतो. आणि अस्वलांमुळे कूलर, शेगडी, खरकटी भांडी काहीच बाहेर ठेवता येत नाही, तेवढी जागा आत मोकळी सोडा.

आपापली यादी शुक्रवारपर्यंत टाका प्लीज.