कांदा कापला की महागाई उतरते

संपादक महोदय,

महागाईचा दर जरा खाली आला की टीव्हीवर सगळे खुश. पण तो आकडा खाली आणायला कांदा कितीदा कापतात, म्हणजे दिल्लीचं सरकार निर्यात अडवून आमचा भाव कितीदा पाडतं, ते कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याच्या खाली बाहेर विकायचंच नाही), ८ डिसेंबरला डायरेक्ट बंदीच, मग ४ मे २०२४ ला ऐन निवडणुकीत बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क होतंच, सप्टेंबरात ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला! दुबई-मलेशियाचं गिऱ्हाईक थांबतंय होय? ते गेलं पाकिस्तान नाहीतर इजिप्तच्या मालाकडे.

आणि बंदी आली कधी, तर लाल कांदा निघायच्या वेळेला. तो काय उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून ठेवता येत नाही, आठ-पंधरा दिवसात कोंब फुटतात, पाणी सुटतं, वास मारतो. म्हणजे पडेल त्या भावात ट्रॅक्टर खाली करायचा.

डॉलर वाढला की एक्स्पोर्टवाल्यांची चांदी असं म्हणतात. तेव्हा आमचा माल बॉर्डरवर अडवलेला होता, पोटॅश खत मात्र सगळं बाहेरून येतं, ते डॉलरच्याच भावात. आता शुल्क शून्य आहे म्हणून चाळ भरावी की नाही, ते दिल्लीवाल्यांनी निदान लागणीआधी तरी सांगावं.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड